खणाच्या आतली बाजू

अमेरिकेत १८व्या शतकात घडविलेली खणांची लाकडी कपाटे हल्ली फार मोठ्या मोलाने विकली जातात. ऱ्होड आयलंडमधील न्यूपोर्ट येथील टाउनसेंड व गॉडर्ड ह्या सुतारघराण्यांच्या कामाची तर विशेष ख्याती आहे. दर्शनी फळ्या महॉगनीच्या, त्यांवर शिंपल्याचे कोरीवकाम. परंतु जाणता ग्राहक एवढ्या शोभेवर भुलत नाही. तो खण बाहेर ओढून उलटा करतो. तेथे त्यास हलक्या लाकडाच्या फळ्या, रंध्याच्या खुणा व कोपऱ्यांशी पारव्याच्या शेपटीसारखे पसरट दात एकमेकांत गुंतविलेले दिसतात. दात किंचित लहानमोठे असले, तर काम बहुधा हातचे समजावे. पुढे १८६७ साली चार्ल्स नॅप ह्याने यंत्राने कापावयाच्या गोलाकार सांध्याचा हक्क मिळविला. यंत्राचा म्हणून तो सांधा खोटा होता असे मात्र नव्हे.

आता, दर्शनी बाजूवर इतके श्रम वेचणाऱ्या सुताराने आतली बाजू खडबडीत ठेवावी, ही लबाडी म्हणावी काय? जे दिसत नाही तेही तितकेच गुळगुळीत हवे, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. आम्हांस हे पटत नाही. न दिसणाऱ्या फळीस झिलई देणे हाही कित्येकदा अहंकारच असतो, व त्याची किंमत गिऱ्हाइकाच्या माथी बसते. खरी कसोटी निराळी आहे. लाकूड पावसाळ्यात आडवे फुगते व उन्हाळ्यात आकसते. म्हणून चांगला सुतार खणाच्या तळाची फळी चोहोबाजूंनी खिळ्यांनी जखडीत नाही. खाचेत सरकवून तीस थोडी मोकळीक देतो. ही मोकळीक कोणाच्या नजरेस पडत नाही. ती न दिली, तरी विक्रीच्या दिवशी काहीच बिघडत नाही; फळी तडकते ती काही उन्हाळे गेल्यावर.

आमच्या माणदेशासारख्या कोरड्या मुलखात हे विशेष ध्यानी येते. म्हसवडास मार्गशीर्षात सिद्धनाथाचा रथ निघतो, तेव्हा यात्रेकरूंचे डोळे वर देवाकडे लागलेले असतात. भार मात्र चाके आणि आस वाहतात. पूर्वी गावचा सुतार बलुतेदार होता. सुगीला धान्य घ्यावयाचे, तर नांगराचा मालक रोज समोर दिसे. कच्चे काम फार दिवस लपत नसे. ही व्यवस्था निर्दोष होती असे आम्ही म्हणत नाही. ‘गावगाडा’ (१९१५) ह्या ग्रंथात त्रिंबक नारायण आत्रे ह्यांनी बलुतेदारांवर कडक टीकाच केली आहे. तथापि करणारा व वापरणारा ह्यांच्यात नजरेची ओळख होती. न्यूपोर्टचे काही सामान जहाजांनी दूरच्या बंदरांस जाई. ते कोणाच्या घरी गेले, हे सुतारास कळतही नसेल. तरीही खाचेत मोकळीक ठेवणाऱ्याने ती कोणाच्या भयाने ठेवली?

अर्थात सगळा भार सुतारावर टाकणे अन्यायाचे होईल. घेणारा केवळ पुढून पाहून किंमत पाडीत असेल, तर आतल्या कामास लागणाऱ्या जादा वेळाचे मोल कोणी द्यावे? लग्नाचे कपाट घेताना आमच्या घरांतून आरसा पाहतात, रंग पाहतात, कुलूप दोनदा फिरवून पाहतात. खण काढून उलटा केलेला आम्ही तरी क्वचितच पाहिला आहे.