वेग आधी ठरव

फ्लिंट, मिशिगन

प्रिय भाचीबाई,



फोटो मिळाले. तुझ्या आईचा फोन त्याआधीच येऊन गेला होता. घर घ्यायचं सोडून पोरीनं भंगार घेतलं, हा तिचा सूर. मी तिला म्हटलं, भंगाराची दारं इतकी नीट लागत नाहीत. रंग उडालाय, मडगार्डला पोचे आहेत, हौद्यात अजून कुणाचा तरी वाळका चारा आहे. पण गाडी पुरी आहे आणि शेव्हरोलेचा 3100 ट्रक आहे. शिकायला यापेक्षा सोपी गाडी तुला मिळाली नसती.

विकणाऱ्यानं 1951 सांगितलं, त्याची मला शंका आहे. दारातली त्रिकोणी काच 1951 साली आली, तिथपर्यंत जमतं. पण बाहेरच्या मुठीला अंगठ्यानं दाबायचं बटण दिसतंय आणि ते 1952 पासूनचं. त्याआधी मूठ खाली फिरवावी लागे. आत बसून स्पीडोमीटर बघ. आकडे 80 ला संपत असतील तर 1951, 90 ला संपत असतील तर 1952. दार उघडून खांबावरची पट्टीही वाच. तिथल्या क्रमांकात J अक्षर 1951 चं आणि K 1952 चं. सुरुवातीचा आकडा 1 असेल तर गाडी माझ्याच गावात जुळली आहे, मग थोडा जास्त हक्क सांगेन. हा क्रमांक मालकीच्या कागदावरच्या क्रमांकाशी जुळतो का, ते पैसे खर्च करण्याआधी तपास. काही राज्यांत त्या काळी इंजिनाच्या क्रमांकावर नोंद होत असे, आणि इंजिन बदललं की कागद लटकतो. पत्रा बदलताना ती पट्टी हरवलीस तर तुझा ट्रक कायद्याच्या लेखी कुणाचाच नाही.

आता मुद्द्याचं. रंग कोणता, चाकं कोणती, आत रेडिओ कसला, असं तू विचारलंस. मी तुला एकच विचारतो: ही गाडी तुला किती वेगानं चालवायची आहे? त्याचं उत्तर आलं की उरलेले बहुतेक निर्णय आपोआप होतात. ते न ठरवता कॅटलॉग उघडणाऱ्यांचे ट्रक गॅरेजमध्ये खोक्यांत पडून राहतात आणि शेवटी 'काम अर्धवट' म्हणून विकले जातात. अशी जाहिरात तू पाहिली असशीलच.

हिशेब करून बघ. मूळ इंजिन 216 घनइंचाचं, सहा सिलिंडरचं, नव्वदेक अश्वशक्तीचं. मागच्या धुरीचं प्रमाण 4.11. सोळा इंची रिमवरच्या जुन्या मापाच्या टायरवर ताशी 60 मैलांना इंजिन मिनिटाला सुमारे 3000 फेरे घेतं. आजच्या इंजिनाला हे काहीच नाही. पण 216 च्या कनेक्टिंग रॉडना दाबानं तेल मिळत नाही. रॉडच्या तळाशी चमच्यासारखी टोकं असतात, ती खालच्या पन्हळीतलं तेल उचलतात. वेग वाढला की त्यांच्या रोखानं तेलाची धारही येते. बेअरिंग म्हणजे रॉडमध्ये ओतलेला बॅबिटचा मऊ थर. 45-50 च्या वेगानं गावातून, शेताच्या रस्त्यांनी हे इंजिन वर्षानुवर्षं चालतं. महामार्गावर तासभर 65 नं ताणलंस तर रॉड वाजायला लागतील, आणि बॅबिट ओतणारे कारागीर आता शोधावे लागतात.

म्हणून बाजारहाट आणि रविवारची फेरी एवढंच हवं असेल तर इंजिनाला हात लावू नकोस. फक्त तेलाचं पॅन उतरव. जुन्या तेलांनी तळाशी चिखल धरलेला असतो. तो पन्हळीत आणि जाळीत बसला की रॉड उपाशी राहतात. पॅन धुऊन नवं गॅस्केट घाल. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं तेल सोड, हातानं इंजिन फिरतं का बघ आणि मगच स्टार्टर मार. तेलाचा काटा बघून घाबरू नकोस, त्या मीटरची धावच 30 पौंडांपर्यंत आहे. इंधनपंपाचा पडदा आणि रबरी नळ्या मात्र नव्या घाल. आजच्या पेट्रोलात इथेनॉल असतं, जुनं रबर त्यात सुजतं. पंपाचा पडदा फाटला की पेट्रोल तेलात उतरतं. तेलाच्या दांडीला पेट्रोलचा वास आला तर गाडी तिथेच थांबव.

महामार्गावर न्यायचीच असेल तर मार्ग निराळा. 1954 पासून ट्रकमध्ये जे 235 घनइंचाचं इंजिन आलं, त्यात रॉडनाही दाबानं तेल जातं, आणि थोड्याफार फेरफारानं ते तुझ्या चौकटीत बसतं. कदाचित आधीच्या मालकानं ते बसवलंही असेल. मागे 4.11 च्या जागी 3.55 चे दाते घातलेस तर 60 ला फेरे सव्वीसशेच्या आसपास येतात. मात्र या गाडीचा प्रॉपेलर शाफ्ट बंद नळीत आहे, त्यामुळे ते काम एका दुपारचं नव्हे. मागची सगळी धुरी खाली येते.

यातलं काहीही निवडलंस तरी ब्रेक पहिले. पायाखालच्या फळीखाली जो मास्टर सिलिंडर आहे, त्याला एकच मार्ग आहे. चारपैकी कोणत्याही चाकाशी नळी फुटली की पेडल सरळ जमिनीला टेकतं आणि चारही ब्रेक जातात. दोन मार्गांचा सिलिंडर त्याच जागी बसवायचा संच मिळतो; मूळपणाचा कितीही सोस असला तरी तो बसव. धातूच्या नळ्या, रबरी नळ्या, चाकांचे सिलिंडर सगळे नवे. ड्रम नीट घासून, लायनर घट्ट करून घेतलेस तर 50 च्या वेगाला पुरतात, डिस्कची घाई नको. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, तेव्हा ड्रममधली धूळ हवेनं फुंकू नकोस, ओली करून पूस. जॅकवरच्या गाडीखाली शिरू नकोस. घोड्या लाव, मग शीर.

पुण्यातल्या तुझ्या मावसभावाला हा खेळ असा मोकळा खेळता आला नसता. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम नोंदलेल्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करू देत नाही. तुझ्या ओहायोत तर गाड्यांची वार्षिक तांत्रिक तपासणीही नसते. तुझे ब्रेक बघणारा सरकारी माणूस नाही, तूच आहेस. 25 वर्षांपुढच्या गाडीला तिथे ऐतिहासिक वाहनाची पाटी मिळते, पण ती प्रदर्शनं, मिरवणुका, क्लबच्या फेऱ्या यांसाठी. रोज भाजी आणायला जायचं असेल तर साधी पाटी घे.

पत्र्याबद्दल. या केबिनला गंज लागतो तो मागच्या खालच्या कोपऱ्यांत, दाराखालच्या पट्टीत आणि पाय ठेवायच्या जागी. स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघ. वरून लांबी भरलेली असेल तर चुंबक धर, चिकटणार नाही. नवे तुकडे तयार मिळतात, पण दाराखालची पट्टी कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे गज झाळून घे. तसं केलं नाहीस तर केबिन खचते आणि आज इतकं नीट लागणारं दार पुन्हा कधी लागत नाही. झाळताना एका रेषेत जाऊ नकोस. इथे एक टाका, मग वीतभर लांब दुसरा, पत्रा थंड होऊ दे. बॅटरीची तार आधी काढ. आणि सीटच्या मागे पेट्रोलची टाकी आहे, हे विसरू नकोस! केबिनला ठिणगी दाखवायच्या आधी ती बाहेर काढून अंगणात दूर ने. जुन्या रंगात शिसं असतं. ओलं घासायचं, चांगला मास्क लावायचा, आणि शेजारची पोरं त्या दिवशी गॅरेजमध्ये नकोत.

वीज 6 व्होल्टचीच ठेव. गाडी सुस्त सुरू होते म्हणून लोक 12 करतात; बऱ्याचदा दोष कुणीतरी घातलेल्या बारीक केबलचा आणि गंजलेल्या अर्थचा असतो. जाड केबल घाल, इंजिनापासून चौकटीपर्यंतचा सांधा चकचकीत घास.

हौद्याच्या मूळ फळ्या पाइनच्या होत्या, काळा रंग मारलेल्या. आता लोक ओक घालून वार्निश चढवतात आणि हौदा जेवणाच्या टेबलासारखा चमकवतात, मग त्यात मातीची पोती टाकायला जीव धजत नाही. तुला आवडत असेल तर कर, माझी ना नाही. पण ट्रक आहे, तो काहीतरी वाहणार.

शेव्हरोले आपल्याकडेही होत्या. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना 1928 ते 1954 चालला, आणि एसटीच्या सुरुवातीच्या ताफ्यात शेव्हरोलेही होत्या. आपल्याकडच्या मिस्त्रींना सुटा भाग मिळत नसे, म्हणून ते असलेला भाग दुरुस्त करत. तुझी अडचण उलटी आहे. तुला प्रत्येक भाग मिळतो, अगदी मुठीच्या स्प्रिंगपर्यंत, आणि त्यामुळेच पैसा पाण्यासारखा जातो. चौकट कापून नव्या गाडीची चेसिस खाली घालणं, त्यावर व्ही-8 बसवणं, हे सगळं इथे तयार संचात मिळतं. मला ते पसंत नाही. पुन्हा उलटवता येत नाही असा बदल पहिल्या वर्षी करू नये असं माझं मत आहे. सीट बेल्ट मात्र लगेच. मूळ गाडीत नाहीत, आणि नुसते पत्र्यात बोल्ट मारून चालत नाही, खालून जाड पट्टी द्यावी लागते.

आणि सगळी गाडी एकदम खोलू नकोस. एका वेळी एक चाक, एक कोपरा. बोल्ट त्याच्या जागी परत लावून मग पुढचं. चालती गाडी दुरुस्त करायला उत्साह राहतो.

येत्या रविवारी बॉनेट उघड आणि इंजिनाच्या उजव्या बाजूचा, प्लग आहेत तिकडचा, फोटो पाठव. बाजूचं पत्र्याचं झाकण प्लगना वेढून वरपर्यंत गेलं असेल तर जुनं इंजिन. प्लगच्या खालीच संपत असेल तर नंतरचं 235. तो फोटो येईपर्यंत कुठलाही भाग मागवू नकोस.

तुझा,
मामा