टाळता येणारं दुःख

'टाळायला शिकणं' तपासण्याची प्रयोगशाळेतली एक जुनी रीत आहे. दोन कप्प्यांची पेटी, त्यात उंदराचं पिल्लू. आधी एक आवाज, मग काही सेकंदांनी पायाखालच्या गजांतून विजेचा झटका. झटका बसला की पिल्लू पलीकडच्या कप्प्यात पळतं. बऱ्याच फेऱ्यांनंतर ते नुसत्या आवाजालाच पळू लागतं आणि झटका चुकवतं. नोंद होते: शिकलं.

अशा प्रयोगांत जन्मजात उच्च रक्तदाबाचा एक वाण वापरतात. क्योटोत ओकामोतो आणि आओकी यांनी १९६३ मध्ये तो जगापुढे आणला. तुलनेसाठी असतात त्याच विस्टार-क्योटो घराण्यातले, सामान्य रक्तदाबाचे उंदीर. पण पिल्लंच का? कारण या वाणाचा रक्तदाब वयाबरोबर चढत जातो. तो पुरता चढण्याआधीच वागण्यात फरक दिसला, तर त्याचं खापर रक्तदाबावर फोडता येत नाही. स्वभाव आणि आजार यांचं मूळ एकच आहे का, असा हा प्रश्न आहे आणि तो विचारण्याजोगा आहे.

पण या प्रयोगाच्या पोटातच एक पेच आहे. उंदराची भीती आपल्या भीतीसारखी असेल, तरच त्यातून माणसाबद्दल काही कळणार. आणि ती तशी असेल, तर झटका का दिला याचं उत्तर आपल्याला द्यावं लागतं. निष्कर्ष काढताना 'आपल्यासारखाच' आणि झटका देताना 'शेवटी उंदीरच', असं दोन्ही म्हणता येत नाही.

अमेरिकेचा कायदा मात्र काहीसं तसंच करतो. १९६६ च्या प्राणी कल्याण कायद्यात २००२ साली दुरुस्ती झाली आणि संशोधनासाठी पैदास केलेले उंदीर 'प्राणी' या शब्दाच्या व्याख्येतूनच वगळले गेले. सरकारी आरोग्य-संशोधन अनुदानाला वेगळे नियम आणि समितीची मंजुरी लागते. पण निव्वळ खासगी पैशावर चालणाऱ्या प्रयोगाला ते बंधन असेलच असं नाही.

म्हणून प्रयोग बंद करा, असं मी म्हणत नाही. याच वाणावर रक्तदाबाची औषधं तपासली गेली आहेत, आणि आपल्या कितीतरी घरांत सकाळच्या चहामागोमाग आई-बाबांची बीपीची गोळी असते. ती गोळी हातावर ठेवून उंदरासाठी नुसतं हळहळणं सोपं आहे. अवघड आहे ते दर वेळी हिशेब मांडणं. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्येच तीन प्रश्न दिले होते: प्राण्यावाचून भागेल का? कमी प्राण्यांत भागेल का? वेदना कमी करता येईल का? समितीच्या अर्जात ही उत्तरं भरावीच लागतात. ती मनापासून शोधली की मागच्या अर्जातून उतरवली, हे मात्र भरणाऱ्यालाच ठाऊक.

पिल्लू टाळायला शिकतं, कारण झटका त्याला बसतो. आपल्याला तो बसत नाही. दुसऱ्याचं टाळता येणारं दुःख टाळायला आपण आपोआप शिकत नाही, शिकायचं ठरवावं लागतं.