नुसतं ऐकणं



अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत १९९९ साली एक उपक्रम सुरू झाला. मुलं वाचनालयात एका शांत, शिकवलेल्या कुत्र्याशेजारी बसून मोठ्यानं वाचू लागली. पुढं असे कुत्रे प्राथमिक शाळांतही आले.

मूल अडखळतं. कुत्रा नुसता ऐकतो. शब्द चुकतो. तो नुसता ऐकतो. हसत नाही, घाई करत नाही, शेजारच्या मुलाशी तुलना तर नाहीच नाही. हळूहळू आवाजातली भीती ओसरते.

आपण मोठी माणसं वाक्य पुरं होण्याआधीच चूक दाखवतो. प्रेमापोटीच दाखवतो, पण मूल गप्प होतं.

आज घरातलं लेकरू काही वाचू लागलं, तर हातातलं काम बाजूला ठेवा. त्याच्याजवळ बसा. आणि नुसतं ऐका.