दोन पंगती

(सामान्य काळातील अठरावा रविवार)



आज आपण मत्तयकृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायातून पाच भाकरी आणि दोन मासे यांची हकीकत ऐकली. ती आपल्या इतकी ओळखीची आहे की तिच्या आधी काय घडले याकडे आपले लक्षच जात नाही. आज घरी गेल्यावर बायबल उघडून त्याच अध्यायाची पहिली बारा वचने आपण वाचू या. तेथे आणखी एक जेवण आहे. हेरोदाचा वाढदिवस आहे. पाहुण्यांसमोर दिलेला शब्द मागे घेण्याची त्याला लाज वाटते, म्हणून तो तुरुंगातील योहान बाप्तिस्ताचा शिरच्छेद करवतो. ज्या घरात पाहुण्यांना तबकातून पक्वान्ने वाढली जातात, त्याच घरात तबकातून संदेष्ट्याचे शिर आणले जाते. ही वार्ता ऐकून येशू एकांतात जातो, लोक त्याच्या मागे जातात आणि तेथे दुसरी पंगत बसते.

मत्तयाने या दोन पंगती शेजारी शेजारी मांडल्या आहेत, हे आपण लक्षात घेतले पाहिजे. हेरोदाच्या पंगतीला मर्जीतले लोक आहेत. मार्क सांगतो की तेथे सरदार, सेनाधिकारी आणि गालिलातील मानकरी होते. त्या पंगतीत बसायचे तर एक किंमत मोजावी लागते: समोर अन्याय झाला तरी गप्प बसायचे. तेथे योहानाच्या बाजूने एकही पाहुणा बोलला नाही. येशूच्या पंगतीला मात्र कोणतीही यादी नाही. पाच हजार पुरुष, शिवाय स्त्रिया आणि मुले. त्यांच्यापैकी कोणालाही त्याचे गाव, घराणे किंवा तो कोणाच्या बाजूचा हे विचारले गेले नाही. भूक एवढीच त्यांची ओळख होती. आजच्या पहिल्या वाचनात यशया हेच सांगतो: ज्याच्याजवळ पैसा नाही त्यानेही यावे आणि खावे.

आणखी एक गोष्ट योहान आपल्या शुभवर्तमानात सांगतो. जेवून तृप्त झालेले लोक येशूला बळेच राजा करू पाहतात, तेव्हा तो एकटाच डोंगरावर निघून जातो. बंधुभगिनींनो, भाकर देऊन सत्ता मिळवण्याची याहून मोठी संधी कोणाला मिळाली असेल? पण प्रभूने भाकरीच्या बदल्यात मुकुट घेतला नाही. रानात सैतानाने घातलेला पहिला मोहही भाकरीचाच होता, आणि तोही त्याने नाकारला होता.

तत्त्वज्ञानाच्या अभ्यासात इमॅन्युएल कांट या जर्मन विचारवंताचे एक सूत्र शिकवले जाते: माणसाला कधीही केवळ साधन म्हणून वापरू नये, कारण माणूस स्वतःच साध्य आहे. भुकेल्याला अन्न देऊन त्याच्या बदल्यात त्याचे मत, त्याची निष्ठा किंवा त्याचे मौन मागणे म्हणजे त्याच्या भुकेचेच साधन करणे होय. हे पुस्तकातले वाक्य आपल्या बीड जिल्ह्यात फार जवळचे वाटते.

आपल्यातील वडीलधाऱ्यांना १९७२ चा दुष्काळ आठवतो. खडी फोडण्याची कामे, कामावर मिळणारी सुकडी, परदेशातून आलेला लाल मिलो. त्या दुष्काळातून महाराष्ट्राने एक मोठा धडा घेतला. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागणाऱ्याला काम देणे ही कोणा पुढाऱ्याची मेहेरबानी राहिली नाही, ते शासनाचे कर्तव्य झाले. पुढे २०१३ साली अन्नसुरक्षा कायदा आला. त्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य ठरले. जानेवारी २०२३ पासून ते मोफत मिळू लागले. म्हणजे कायद्याने मेहेरबानीचा हक्क केला. पण आपल्या मनाने तो हक्क अजून पुरता स्वीकारलेला नाही.

२०२२ च्या दिवाळीत १०० रुपयांत रवा, हरभऱ्याची डाळ, साखर आणि तेल असा ‘आनंदाचा शिधा’ मिळाला. गरिबाच्या घरी फराळ झाला, ही चांगलीच गोष्ट. पण त्या पिशवीवर नेत्यांची छायाचित्रे होती. शिधा जनतेच्या पैशाचा आणि चेहरा मात्र नेत्याचा, ही सवय कोणा एका पक्षाची नाही. दुष्काळात जनावरांच्या चारा छावण्या कोणत्या संस्थेला मिळतात, टँकर कोणत्या वस्तीवर आधी जातो, घरकुलाच्या यादीत कोणाचे नाव वर येते, याची चर्चा आपण पारावर करतो. ‘अमक्यांनी दिले’ असे आपण म्हणतो तेव्हा आपणच आपल्या हक्काची पुन्हा मेहेरबानी करून टाकतो.

याच रस्त्यावर पुढे दुसरे काहीतरी उभे असते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीनंतर आपल्या जिल्ह्यात अमक्या समाजाच्या दुकानात जायचे नाही, अशा शपथांच्या चित्रफिती मोबाइलवर फिरल्या. ज्या गावात पिढ्यान् पिढ्या एकमेकांच्या जात्यावर दळले गेले, तेथे चहाच्या कपाला आणि किराणाच्या पुडीला जात चिकटली. त्याच वर्षी ९ डिसेंबरला केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून निर्घृण हत्या करण्यात आली. पवनचक्कीच्या कंपनीकडे मागितलेल्या २ कोटी रुपयांच्या खंडणीच्या आड ते आले म्हणून हे घडले, असे तपास यंत्रणेने न्यायालयात मांडले. त्याच्या तीन दिवस आधी एका सुरक्षारक्षकाला मारहाण झाली तेव्हा ते मध्ये पडले होते. दोषी कोण हे न्यायालयाने ठरवायचे आहे. कोणत्याही समाजाला त्यासाठी दोषी धरणे हे पाप होईल. आपण एवढेच पाहू या की मध्ये पडणारा माणूस एकटा पडला की काय होते.

हा रस्ता शेवटी कोठे जातो हे आफ्रिकेतील झिम्बाब्वे देशाने पाहिले आहे. तेथे सरकारी मका घेण्यासाठी अनेक ठिकाणी सत्ताधारी पक्षाचे कार्ड दाखवावे लागत असे. २००८ मध्ये अध्यक्षपदाच्या निवडणुकीची दुसरी फेरी तोंडावर आली, विरोधकांना मारहाण आणि त्यांच्या हत्या सुरू होत्या, आणि त्याच जून महिन्यात सरकारने सेवाभावी संस्थांचे काम बंद केले. भुकेल्या गावांत बाहेरचे अन्न पोहोचेना. ही बंदी ऑगस्टअखेर उठली. तेथे काठी आणि धान्याचे पोते एकाच हातात आले होते. हेरोदाच्या महालातही असेच घडले होते.

मग ख्रिस्तसभेने काय करावे? याचे उत्तर प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आहे. यरुशलेममधील पहिल्या मंडळीतही रोजच्या अन्नवाटपात पक्षपात झाला. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावलले जात होते. पवित्र शास्त्राने ही गोष्ट लपवून ठेवली नाही. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प केले नाही. त्यांनी सर्वांना बोलावले, सात विश्वासू माणसे निवडायला सांगितली आणि वाटपाचे काम त्यांच्याकडे सोपवले. त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांच्यावर अन्याय झाला होता, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटपाची पळी आली. त्या सातांतला पहिला स्तेफन. तोच पुढे दगडमारात मेला आणि ख्रिस्तसभेचा पहिला रक्तसाक्षी ठरला. अन्न न्यायाने वाढणे आणि सत्यासाठी उभे राहणे ही दोन वेगळी पाचारणे नाहीत.

हा नियम आपल्या घरालाही लागू आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ‘देव प्रीती आहे’ या २००५ सालच्या आपल्या पहिल्या विश्वपत्रात स्पष्ट सांगितले की ख्रिस्ती सेवा कोणत्याही पक्षाच्या किंवा विचारप्रणालीच्या अधीन नसावी आणि ती धर्मप्रसाराचे साधनही होऊ नये. चौथ्या शतकात कप्पदोकियात दुष्काळ पडला. तो मुलूख आपल्यासारखाच समुद्रापासून दूर होता, आणि धान्य असलेल्यांनी कोठारे बंद केली होती. तेव्हा संत बासिल यांनी ती उघडायला लावली आणि भुकेल्यांना स्वतः वाढले. ज्यूंच्या मुलांनाही त्यांनी त्याच पंगतीत बसवले. आपल्या चर्चच्या दारातून जाणारे धान्य, शिष्यवृत्ती किंवा औषध हे गरज पाहूनच गेले पाहिजे. कोण मिस्साला येतो आणि कोण येत नाही, हे पाहून नव्हे.

बंधुभगिनींनो, आपण संख्येने थोडे आहोत. पण शिष्यांजवळही पाचच भाकरी होत्या, आणि प्रभूने त्यांना सांगितले की तुम्हीच त्यांना खायला द्या. म्हणून या आठवड्यापासून आपण काही साध्या गोष्टी करू या. स्वस्त धान्य दुकानातून धान्य घेताना पावती मागू या आणि त्यावरचे किलो वाचून पाहू या. ज्या म्हातारीचा अंगठा मशीनवर उमटत नाही, तिच्यासोबत दुकानापर्यंत आणि गरज पडल्यास तहसीलपर्यंत जाऊ या. दुकानाच्या दक्षता समितीत कोण आहे हे ग्रामसभेत विचारू या. दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना सांगू या की रेशनकार्ड दुसऱ्या जिल्ह्यातही चालते. मतासाठी आलेले पाकीट किंवा शिधा नाकारू या. आणि कोणी अन्यायाच्या मध्ये पडला तर त्याच्यामागे दहा जणांनी उभे राहू या. एकट्याला मारणे सोपे असते, दहा जणांना नव्हे.

थोड्याच वेळात आपण वेदीजवळ जाणार आहोत. येथे मराठा, वंजारी, दलित, मातंग, पारधी असे वेगळे वाढप नाही. सर्वांना एकच भाकर मिळते, आणि ती देणाऱ्याने तिच्या बदल्यात आपले मत मागितले नाही, उलट स्वतःचा देह दिला. आपण स्वर्गीय पित्याकडे रोजची भाकर मागतो तेव्हा ‘माझी’ असे म्हणत नाही, ‘आमची’ असे म्हणतो. त्या ‘आमची’ या शब्दात आपल्या गावातला विरोधी गटाचा माणूसही बसतो.

प्रभू आपल्याला हेरोदाच्या पंगतीतून उठण्याचे धैर्य देवो आणि आपल्या पंगतीत वाढणाऱ्यांमध्ये आपली गणना करो. आमेन.

आपला धर्मगुरू