ठाण्याची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. पोलीस ठाण्याच्या पायरीबद्दल मात्र त्यांनी म्हण मागे ठेवलेली नाही. बहुधा तिची गरजच पडली नसावी. त्या पायरीवर एकट्याने पाऊल ठेवण्याचे धाडस शहाण्यालाही होत नाही आणि वेड्यालाही होत नाही. माझे सारे आयुष्य लातूर आणि नांदेड या दोन गावांत गेले. ज्याच्या घरी चोरी झाली, ज्याने बांधाच्या भांडणात मार खाल्ला, असा माणूस आधी ठाण्यात गेला असे मी फारसे पाहिले नाही. तो आधी कोणाच्या तरी घरी जातो. एखादा नगरसेवक, एखादा वकील, पंचायत समितीचा माजी सभापती. आणि यांपैकी कोणीच नसेल तर निदान मुलाला शिकवणारा मास्तर. मास्तरकी केल्यामुळे या शेवटच्या वर्गात माझाही नंबर पुष्कळदा लागला आहे. “सर, तुम्ही नुसतं सोबत चला. बोलायचं काही नाही.”

आणि खरोखरच काही बोलावे लागत नाही, हीच त्यातली नवलाची गोष्ट आहे. आदल्या दिवशी ज्याला “साहेब राउंडला गेलेत, उद्या या” असे सांगून वाटेला लावले, त्याच माणसाची तीच तक्रार, त्याच टेबलावर, मी शेजारच्या खुर्चीवर बसलो म्हणून लिहून घेतली जाते. मी कायदेपंडित नव्हे. माझ्या अंगावर कसला बिल्ला नाही. पण मी कोणाला तरी ओळखतो, किंवा कोणाला तरी ओळखत असेन, एवढी शंका ठाणे अंमलदाराच्या मनात येते आणि लेखणी चालू लागते.

दिवाळीच्या फराळाबरोबर पोलिसांचा विषय कशाला, असे वाचकांनी म्हणू नये. सणाच्या दिवशी आपण निर्धास्तपणे दारात पणत्या लावतो, त्या वेळी कोणी तरी घरादाराचा सण सोडून चौकात उभा असतो. त्या माणसाशी आपले नाते काय, आणि त्याने चूक केली तर त्याला विचारायचे कोणी, हा प्रश्न घराबाहेरचा नाही.

पोलिसांवर सामान्य नागरिकांची देखरेख असावी की नाही, यावर मोठमोठ्या शहरांत परिसंवाद होतात. मला वाटते, तो वाद थोडा चुकीच्या जागेवरून सुरू होतो. देखरेख आपल्याकडे आहेच. मी खुर्चीवर बसलो, ती देखरेखच होती. फक्त ती ओळखीची देखरेख आहे. ज्याच्याकडे सोबतीला न्यायला माणूस आहे, त्याच्यापुरते पोलीस खाते अगदी जबाबदार आहे. ज्याच्याकडे तो नाही, त्याच्यापुरता कायदा पुस्तकात आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळताच ती नोंदवलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात नोव्हेंबर २०१३ मध्ये स्पष्ट सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने तर गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, खबर कोणत्याही ठाण्यात देता येते असे मान्य केले. हद्द ओलांडता आली. पायरी अजून ओलांडायची आहे.

या भीतीला आमच्या भागात जुना इतिहास आहे. आम्ही निजामाचे प्रजाजन होतो. हैदराबाद शहराचा कोतवाल थेट निजामाला जबाबदार असे. आणि जो वरच्याला जबाबदार असतो त्याला खाली पाहण्याचे कारण उरत नाही. (आज आमच्या खेड्यातला कोतवाल म्हणजे तलाठ्याच्या हाताखालचा, दवंडी देणारा गरीब माणूस. शब्दांचेही दिवस फिरतात.) पुढे लातूरचाच एक वकील, कासिम रझवी, रझाकारांचा सेनापती झाला, आणि गावेच्या गावे लुटली जात असताना सरकारी पोलीस दुसरीकडे पाहत राहिले. मग सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्य आले. रणगाडे, विमाने घेऊन आलेल्या त्या मोहिमेला नाव मिळाले ‘पोलीस अॅक्शन’. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी ते ‘अॅक्शनच्या साली’ असे कायमचे बसले. पोलीस या शब्दाशी सुटकेचा अर्थ जोडला गेला, तो त्या एकाच वेळी.

परंतु ते प्रकरण तेवढ्यावर संपत नाही. सैन्य आल्यानंतरच्या दिवसांत निरपराध मुसलमानांवर सूड उगवला गेला. त्याची चौकशी करण्यासाठी नेहरूंच्या सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना पाठवले. त्यांच्या अंदाजाने सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मेली होती, आणि सर्वांत अधिक झळ पोचलेल्या जिल्ह्यांत त्यांनी उस्मानाबाद आणि नांदेड यांची नावे लिहिली. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. हा अहवाल लोकांना सरळपणे वाचायला मिळाला तो २०१३ च्या सुमारास. मधल्या काळात आमच्या दोन पिढ्या मोठ्या होऊन म्हाताऱ्या झाल्या. चौकशी झाली होती, सरकारनेच केली होती, प्रामाणिक माणसांनी केली होती. फक्त ज्यांच्याविषयी ती होती त्यांना ती दाखवली नाही. कुलपात ठेवलेल्या चौकशीने शासनाचे मन हलके होत असेल. लोकांचे होत नाही.

स्वतंत्र भारतात या प्रश्नाला कायद्याचे उत्तर मिळायला २००६ साल उजाडावे लागले. प्रकाश सिंह हे स्वतः निवृत्त पोलीस महासंचालक. त्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी निकाल दिला आणि राज्यांना सांगितले की, पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकायला राज्यात एक आणि प्रत्येक जिल्ह्यात एक असे स्वतंत्र प्राधिकरण नेमा. महाराष्ट्राने २०१४ साली आपल्या पोलीस कायद्यात दुरुस्ती केली. राज्य प्राधिकरणाच्या अध्यक्षपदी उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश आले. पण जिल्ह्याऐवजी आपल्या कायद्याने महसुली विभाग धरला. म्हणजे हिमायतनगरच्या शेतमजुराला ठाण्यात मार बसला, तर त्याचा जिल्हा नांदेड आणि त्याचे विभागीय ठिकाण छत्रपती संभाजीनगर. नांदेडपासूनच ते अडीचशे किलोमीटरांच्या आसपास. नांदेडला नवे महसूल आयुक्तालय द्यावे की लातूरला, यावर आमच्या दोन गावांत केवढे रण माजले, हे मराठवाड्यात सर्वांना ठाऊक आहे. मोर्चे निघाले, बंद पाळले गेले. तक्रार प्राधिकरण आमच्या जिल्ह्याला हवे म्हणून एकाही दुकानाचे फाटक खाली ओढलेले मला आठवत नाही. आयुक्तालयात मान असतो. तक्रार प्राधिकरणात नुसती गाऱ्हाणी.

माझे एक स्नेही पोलीस खात्यातून जमादार म्हणून निवृत्त झाले. या विषयावर आमची पुष्कळदा खडाजंगी झाली आहे. त्यांचे म्हणणे असे: “बारा-बारा तास उभं राहायचं आम्ही, दगड खायचे आम्ही, आणि वर आमच्यावर नजर ठेवायला चार रिकामटेकडे बसवायचे!” त्यांचा राग खोटा नाही. लातूर जिल्ह्यातल्या पानगावात फेब्रुवारी २०१६ मध्ये, वादाच्या जागी झेंडा लावू दिला नाही म्हणून जमावाने एका सहायक फौजदाराला मारहाण केली आणि त्याच्याच हातात झेंडा देऊन त्याची धिंड काढली. तो माणूस मुसलमान होता, आणि आपले कर्तव्य करीत होता. त्याच्या सोबतीला त्या दिवशी कोण होते? तेव्हा देखरेखीची भाषा करणाऱ्याने आधी हे कबूल केले पाहिजे की, आपल्या समाजात गणवेशातला माणूसही पुष्कळदा एकटाच असतो.

पण देखरेख म्हणजे अपमान, हे मात्र मला पटत नाही. लातूरच्या आडत बाजारात तूर घेऊन येणारा शेतकरी काट्यावर नजर ठेवून उभा राहतो. आडत्याच्या वजनांवर सरकारचा शिक्का असतो, आणि तो मुदतीत पुन्हा मारून घ्यावा लागतो. यात आडत्याला चोर म्हटल्यासारखे कोणाला वाटत नाही. उलट लक्ष्मीपूजनाला तोच आडत्या आपल्या हिशेबाच्या वह्यांना हळदकुंकू वाहतो. ज्या वहीत दुसऱ्याने डोकावलेले चालते, तिचीच पूजा होते. माझ्या जमादार स्नेह्यांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “तूर आणि गुन्हेगार यांत फरक आहे, मास्तर.” आहेच. तूर तक्रार करीत नाही.

आता कोणी म्हणेल, लोकांनी निवडून दिलेला मंत्री गृहखाते पाहतो, हीच लोकांची देखरेख नव्हे काय? इथे मात्र जपून पाऊल टाकले पाहिजे. मार्च २०२१ मध्ये मुंबईच्या आयुक्तपदावरून नुकत्याच बदललेल्या अधिकाऱ्याने मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून खुद्द गृहमंत्र्यांवर वसुलीचा आरोप केला. मंत्र्यांनी तो नाकारला, उच्च न्यायालयाने प्राथमिक चौकशीचा आदेश दिला, राजीनामा झाला. कोण खरे, कोण खोटे, हे मी ठरवणार नाही. पण एवढ्या मोठ्या शहराच्या पोलिसांचा कारभार एका खोलीत दोन माणसांत चालत होता आणि त्या शहरातल्या कोट्यवधी लोकांना त्याची खबर पत्र फुटल्यावर लागली, ही गोष्ट उरतेच. मुंबईची महापालिका पाणी देते, कचरा उचलते, पोलिसांबद्दल तिला शब्द काढता येत नाही. लंडनचे पोलीस दल १८२९ सालचे. तेही २००० सालापर्यंत गृहमंत्र्याच्याच हाताखाली होते. तिथे आज शहराच्या निवडून आलेल्या महापौराच्या कचेरीला पोलीसप्रमुखाला जाब विचारता येतो, आणि तोही उघड बैठकीत. त्यामुळे तिथले पोलीस देवमाणसे झाले, असे मी म्हणत नाही. एकाच्या मुठीतला लगाम आणि सर्वांच्या डोळ्यांसमोरची वही, या दोन निराळ्या वस्तू आहेत, इतकेच.

खरी अडचण आपल्या मनात आहे. ६ डिसेंबर २०१९ रोजी हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या आरोपातील चार जण पोलिसांच्या गोळ्यांनी मेले, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. आमच्या नांदेडचे अर्धे सोयरे हैदराबादेत. त्या दिवशी पेढे वाटल्याचे फोन मलाही आले. अडीच वर्षांनी न्यायमूर्ती विकास सिरपूरकर आयोगाचा अहवाल उघड झाला. गोळ्या जीव घेण्याच्या हेतूने झाडल्या होत्या, आणि मेलेल्यांपैकी तिघे अल्पवयीन होते, असा त्याचा निष्कर्ष होता. त्या दिवशी कोणाचा फोन आला नाही. आपल्याला देखरेख नको असते असे नाही. ती आपल्या नावडत्या माणसाच्या वाट्याला आलेली नको असते.

आणि माझ्यासारख्यांचे काय? सोबत चला म्हणणाऱ्याबरोबर मी गेलो, तर ओळखीचे राज्य मी आणखी पक्के करतो. नाही गेलो, तर त्या बिचाऱ्याची तक्रार राहते. तत्त्वासाठी दुसऱ्याची म्हैस जाऊ द्यावी, एवढा मी तत्त्वनिष्ठ नाही. मी जातो. पण ज्याच्या ओळखीने काम होते त्याला कायदा बदलण्याची घाई नसते, आणि घाई ज्याला असते त्याला कोणी ओळखत नाही, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

परभणी जिल्हा आमच्याच नांदेड पोलीस परिक्षेत्रातला. १० डिसेंबर २०२४ रोजी तिथे डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, शहर पेटले, पोलिसांनी धरपकड केली. धरलेल्यांत कायद्याचा अभ्यास करणारा पस्तिशीतला एक तरुण होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना तो गेला. शवविच्छेदनाच्या अहवालात अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याचा उल्लेख होता. दोषी कोण, हे पुढे न्यायालय ठरवील. त्याच्या आईने मात्र गुन्हा तरी नोंदवा म्हणून औरंगाबाद खंडपीठाचे दार ठोठावले. खंडपीठाने ४ जुलै २०२५ रोजी तसा आदेश दिला. सरकार त्याविरुद्ध दिल्लीला गेले, आणि ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे म्हणणे फेटाळले. दंडाधिकारी, मानवी हक्क आयोग, खंडपीठ, सर्वोच्च न्यायालय, एवढ्या पायऱ्या झाल्या. त्या बाई जिथवर जाऊन पोचल्या ती नुसती पहिली नोंद होती. मुलाला जाऊन तेव्हा साडेसात महिने झाले होते.