पाहुण्याला खिचडी

राष्ट्रीय पक्षी मोर, राष्ट्रीय प्राणी वाघ, एवढे घोकले की आमच्या शाळेत सामान्यज्ञान संपायचे. राष्ट्रीय पदार्थ कोणता हे मास्तरांनी कधी विचारले नाही, ते बरेच झाले. नाहीतर वर्गातच भाषावार प्रांतरचना झाली असती.

२०१७ च्या नोव्हेंबरात मात्र बातमी उठली की सरकार खिचडीला राष्ट्रीय पदार्थाचा मान देणार. उठली तशी बसलीही. अन्नप्रक्रिया मंत्र्यांनीच खुलासा केला की तसे काही नाही, खिचडी फक्त विक्रमापुरती शिजवायची आहे. त्याप्रमाणे ४ नोव्हेंबरला दिल्लीत एका अवाढव्य कढईत ९१८ किलो खिचडी शिजली, गिनेस बुकात नोंदली गेली आणि मान राहिला बाजूला.

तरीही त्या आठवड्यात आमच्या शाखेत कामापेक्षा खिचडीच जास्त शिजली. शेवटी हेडकॅशियरांनी नोटांची गड्डी बांधता बांधता निकाल दिला, "अहो, खिचडी हे काय पाहुण्याला वाढायचं जेवण आहे?"

या वाक्यात मला मोठा नैतिक पेच दिसतो. घरात खिचडी कोणाला मिळते पाहा. तापातून उठलेल्याला, रात्रीच्या गाडीने दमून आलेल्याला, बायको माहेरी गेलेल्याला आणि महिन्याच्या २८ तारखेला सर्वांना. म्हणजे माणूस जेव्हा अगदी खराखुरा असतो, तेव्हा तो खिचडी खातो. पाहुणा आला की मात्र हीच खिचडी आत दडते आणि श्रीखंड-पुरी बाहेर येते. ज्यावर आपण जगतो ते लपवायचे, आणि जे ओळीने चार दिवस खाल्ले तर डॉक्टर गाठावा लागेल ते मिरवायचे! आम्ही कॉमर्सवाले याला 'विंडो ड्रेसिंग' म्हणतो. ३१ मार्चला ठेवींचा आकडा फुगवतात, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की ताळेबंद वर्षातून एकदाच असतो आणि पाहुणे बारा महिने.

खिचडीचा इतिहास काही लहानसहान नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूताने लिहून ठेवले आहे की इथले लोक मूग-तांदूळ एकत्र शिजवून, वर तूप घालून सकाळी खातात. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा विकायला घेऊन आला आणि पावसाळाभर आपल्या जुन्नरला अडकला. तो सांगतो, इथे घोड्यांना खिचडी घालतात! जहांगीर बादशहाला गुजरातेत बाजरीची खिचडी इतकी पसंत पडली की मांस वर्ज्य असलेल्या दिवशी हीच करत जा, असा त्याने हुकूम सोडला. घोडा आणि बादशहा यांना एकाच पंगतीला बसवणारा दुसरा पदार्थ मला तरी ठाऊक नाही.

पण आपली भाषा बघा. चार पक्षांचे सरकार आले की 'खिचडी सरकार', हिशेब चुकला की 'सगळी खिचडी झाली'. बिरबलाने तर ती शिजूच दिली नाही. मिसळले म्हणजे बिघडले, असे आपण गृहीत धरून चालतो. डॉक्टरांना विचारा: तांदळात लायसिन कमी, ते डाळ भरून काढते, डाळीत मेथिओनिन कमी, ते तांदूळ देतो. दोन्ही खाती एकत्र केल्याशिवाय ताळा लागत नाही.

आणि शुद्धतेचे म्हणाल तर एकादशीची साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा ज्याचा होतो तो कंद, शेंगदाणा, बटाटा, मिरची, सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली. जिरे आणि तूप सोडले तर अख्ख्या फराळाला पासपोर्ट लागेल. उपवासाला आंबेमोहर चालत नाही, ब्राझील चालतो! (हे मी घरी बोलत नाही. खिचडी मिळायची बंद होईल.)

खिचडी हा शब्द पूर्ण आदराने उच्चारला जातो तो खेड्यातल्या शाळेत. १९९५ साली केंद्राने शाळेतल्या मुलांच्या आहाराची योजना काढली. आधी आपल्याकडे महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळत. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलेच अन्न द्या म्हणून बजावले आणि पुढे शाळेशाळेत चुली पेटल्या. योजनेचे लांबलचक सरकारी नाव पोरांच्या तोंडी कधी बसले नाही. 'खिचडी', बस्स. आज कागदावर इतरही पदार्थ आहेत, तरी घंटा होते ती खिचडीचीच. विक्रमाचे ९१८ किलो एकदाच शिजले. हे पातेले शाळा असेल त्या दिवशी चढते.

अशाच एका शाळेत खिचडी रांधणाऱ्या बाई आमच्या काउंटरवर पासबुक भरून घ्यायला येतात. मानधन जमा झाले का, एवढेच पाहायचे असते. त्या शब्दात मानही आहे आणि धनही आहे. पासबुकात दोन्ही शोधावे लागतात. परवा नोंद उमटेपर्यंत मी सहज विचारले, "किती पोरं जेवतात?"

"शंभराच्या वर. काही तर सकाळचं काही न खाताच येतात, साहेब." त्यांनी पासबुक पिशवीत घातले आणि निघता निघता मागे वळल्या.

"दुसऱ्या शनिवारी तुमची बँक बंद असते ना? या की शाळेत जेवायला. पाहुण्याला वेगळं काही नसतं हं. पोरांना असतं तेच."