स्क्रूजच्या तोंडी शेक्सपिअरचा छंद

चार्ल्स डिकन्सची 'अ ख्रिसमस कॅरोल' ही कथा शेक्सपिअरच्या नाट्यशैलीत बांधून ऑनलाइन रंगमंचावर सादर करण्यात तीन काळ एकत्र येतात. कथा एकोणिसाव्या शतकातली, नाट्यभाषा सोळावे शतक सरतानाची आणि रंगमंच आजचा. वरवर हा खेळ वाटला, तरी या तिन्हींना जोडणारा धागा पक्का आहे: समोर नसलेली गोष्ट बोलण्यातून दिसती करणे.

मूळ कथा १९ डिसेंबर १८४३ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली आणि नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत तिच्या सहा हजार प्रती खपल्या. किंमत पाच शिलिंग होती. कथेतला कारकून बॉब क्रॅचिट आठवड्याला पंधरा शिलिंग मिळवतो. म्हणजे स्वतःचीच गोष्ट विकत घ्यायला त्याला आठवड्याच्या पगाराचा तिसरा हिस्सा मोजावा लागला असता. त्याचा मालक एबनेझर स्क्रूज पक्का कवडीचुंबक. नाताळच्या आदल्या रात्री सात वर्षांपूर्वी वारलेला भागीदार मार्ले साखळदंड ओढत त्याच्यापुढे उभा राहतो. त्याच्यामागून गेलेल्या, चालू आणि येणाऱ्या नाताळाचे तीन आत्मे येतात, आणि सकाळी उठतो तो निराळाच स्क्रूज. कॅरोल म्हणजे नाताळात मिळून गायचे गाणे, म्हणून डिकन्सने पाच प्रकरणांनाही गाण्याच्या कडव्यांचे नाव दिले.

रंगभूमीने ही कथा लगेच उचलली. ५ फेब्रुवारी १८४४ रोजी लंडनच्या अडेल्फी थिएटरात एडवर्ड स्टर्लिंगने केलेले नाट्यरूप आले. पुढे डिकन्स स्वतःच तिचे जाहीर वाचन करू लागला. १८५३ मध्ये बर्मिंगहॅमला सुरू झालेला हा क्रम मार्च १८७० मधल्या लंडनच्या अखेरच्या वाचनापर्यंत चालला. नेपथ्य नाही, वेशभूषा नाही. एकच माणूस सगळ्या पात्रांचे आवाज काढी आणि श्रोत्यांना लंडनचे धुके दिसे.

शेक्सपिअर या कथेत बाहेरून आणावा लागत नाही. मार्ले मेला आहे हे वाचकाने आधी नीट मानले पाहिजे, हे सांगताना डिकन्स पहिल्याच पानावर हॅम्लेटच्या बापाचा दाखला देतो: तो नाटकापूर्वीच मेला होता यावर विश्वास नसेल, तर रात्री तटावर फिरण्यात नवल ते काय? डिकन्स हौशी नटही होता. १८४८ मध्ये 'द मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर'च्या प्रयोगांत त्याने न्यायाधीश शॅलोची भूमिका केली.

शेक्सपिअर आणि डिकन्स यांच्या भुतांत मात्र मोठा फरक आहे. हॅम्लेटचा बाप सूड मागतो. मॅकबेथने मारवलेल्या बँकोचे भूत भर मेजवानीत त्याच्या आसनावर येऊन बसते. तिसऱ्या रिचर्डने मारलेल्यांची भुते बॉसवर्थच्या लढाईच्या आदल्या रात्री त्याला शाप देऊन जातात. ही भुते येतात तेव्हा वेळ निघून गेलेली असते. स्क्रूजकडे येणारे आत्मे सुधारायला अवधी देतात. त्यामुळे कथेचे अंग शोकांतिकेचे असले, तरी शेवट 'द विंटर्स टेल'सारख्या उत्तरकालीन नाटकाच्या जवळचा ठरतो. तिथे राजा लिऑन्टीझ सोळा वर्षे पश्चात्तापात काढतो आणि गमावलेल्यांपैकी काही त्याला परत मिळते. स्क्रूजला तेवढ्यासाठी एक रात्र पुरते. रूपांतरकाराला ही दोन्ही वजने सांभाळावी लागतात.

शेक्सपिअरची शैली म्हणजे मुख्यतः निर्यमक छंद: ओळीत साधारण दहा अक्षरावयव, हलका आणि जोरकस आघात आळीपाळीने, शेवटी यमक नाही. तो वाकवता येतो, मधेच तोडता येतो, दोन पात्रांत वाटून देता येतो. विनोदी आणि साध्या माणसांच्या तोंडी बहुधा गद्य येते, आणि प्रवेश संपताना अनेकदा यमकाची जोडओळ. या वाटणीतून रूपांतरकाराला एक चांगले साधन मिळते. हिशेबाच्या वहीत बुडालेला स्क्रूज गद्यात बोलू शकतो; पूर्वायुष्य दिसू लागले की त्याच्या बोलण्यात छंद शिरतो. मनाचा पालट प्रेक्षकाच्या कानाला आधी कळतो.

शैलीची नक्कल सर्वांत जास्त फसते ती 'दाउ' या सर्वनामात. जुन्या इंग्रजीचा थाट आणायचा म्हणून ते जिथे तिथे पेरले जाते. शेक्सपिअरच्या काळात मात्र ते मराठीतल्या 'तू'सारखे वापरले जाई: जवळच्याला, हाताखालच्याला, रागात किंवा देवाला. 'यू' हे 'तुम्ही'सारखे चाले. मराठी कानाला हा भेद उपजतच कळतो. स्क्रूज बॉबला अरेतुरे करतो आणि बॉब त्याला अदबीने उत्तर देतो, एवढ्यावरच मालक-नोकराचे नाते उभे राहते. शेवटी स्क्रूजच्या तोंडी तेच 'तू' मायेने आले, तर शब्द न बदलताही माणूस बदललेला ऐकू येतो.

१५९९ मध्ये उभ्या राहिलेल्या ग्लोब नाट्यगृहात प्रयोग दुपारी, उघड्या आकाशाखाली होत. 'हॅम्लेट'मधली मध्यरात्र आणि कडाक्याची थंडी पहारेकऱ्यांच्या बोलण्यातूनच उभी करावी लागे. डिकन्सची कथा बरोबर उलटी आहे: दुपारचे तीन वाजलेत आणि धुक्याने काळोख झाला आहे. नाताळाशीही शेक्सपिअरच्या नाटकांचा जुना संबंध होता. 'द कॉमेडी ऑफ एरर्स' २८ डिसेंबर १५९४ रोजी ग्रेज इन या वकिलांच्या संस्थेत, तर 'किंग लिअर' २६ डिसेंबर १६०६ रोजी राजदरबारात झाले. पुढे गृहयुद्धाच्या काळात इंग्लंडच्या पार्लमेंटने १६४२ मध्ये नाट्यगृहे बंद केली आणि १६४७ मध्ये नाताळ साजरा करण्यावरही बंदी घातली.

२०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे नाट्यगृहे पुन्हा बंद झाली. त्याच महिन्यात 'द शो मस्ट गो ऑनलाइन' या उपक्रमाने झूमवर शेक्सपिअरची नाटके सुरू केली आणि वर्ष संपण्याआधी 'पहिला फोलिओ' या शेक्सपिअरच्या नाट्यसंग्रहातली सर्व ३६ नाटके पूर्ण केली. डिसेंबरमध्ये लंडनच्या ओल्ड विक या नाट्यगृहाने रिकाम्या प्रेक्षागृहातून 'कॅरोल'चे प्रयोग थेट प्रक्षेपित केले. नट अँड्र्यू लिंकन स्क्रूज झाला होता.

आपापल्या घरून काम करणाऱ्या नटांना सामायिक नेपथ्य नसते. वाडा, रस्ता, थडगे बोलण्यातूनच उभे करावे लागते, आणि निर्यमक छंद याच कामासाठी घडलेला आहे. स्वगतालाही कॅमेरा मानवतो, कारण नट थेट प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाहून बोलतो. मार्लेचे पहिले दर्शन दाराच्या कडीवर उजळलेल्या चेहऱ्याचे आहे. काळ्या पडद्यावरच्या चौकटीत एकटा चेहरा उजळला की हे दृश्य आयते मिळते.

मर्यादाही ठळक आहेत. हशा ऐकू येत नाही, म्हणून विनोदी गद्याची लय चुकते. आवाज पोचायला क्षणाचा उशीर होतो, त्यामुळे निरनिराळ्या घरांतल्या नटांना एका सुरात गाता येत नाही. ज्या गाण्याचे नाव कथेला आहे, तेच थेट प्रयोगात मिळून गाता येत नाही, आधी ध्वनिमुद्रित करावे लागते. सर्वांत अवघड उरते ते अखेरचे कडवे. तिथे स्क्रूज घराबाहेर पडून भाचा फ्रेडच्या पंगतीला जाऊन बसतो. चौकटीतल्या नटाला दुसऱ्या चौकटीत जाता येत नाही. ते चार पावलांचे अंतर पुन्हा शब्दांनीच पार करावे लागते.